कुत्रीसाठी सव्वा कोटीच्या आसपास डॉलर. लिओना हेल्म्सलींच्या मृत्युपत्राचे पुढे काय झाले?

आपल्यामागे घरच्या कुत्र्या-मांजराचे काय होणार, हा प्रश्न एकट्या राहणाऱ्या अनेकांना सतावतो. अमेरिकेतील हॉटेल व्यावसायिक लिओना हेल्म्सली यांनी त्यावर पैशाचा उपाय काढला. मात्र, त्यांच्या निधनानंतर हा उपाय थेट न्यायालयात पोहोचला.

कोण होत्या लिओना हेल्म्सली?

जन्म ४ जुलै १९२० चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील टोप्या बनवत. घरची परिस्थिती बेताची. लिओना न्यूयॉर्क शहरात घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात शिरल्या आणि स्वतःच्या हिमतीवर मोठ्या झाल्या. १९७२ मध्ये त्यांनी हॅरी हेल्म्सली यांच्याशी लग्न केले. एम्पायर स्टेट बिल्डिंगसारख्या इमारतींवर ताबा असलेले हॅरी हे शहरातील बडे प्रस्थ होते. पुढे लिओना हेल्म्सली हॉटेलांचा चेहरा बनल्या. जाहिरातींतही त्याच झळकत.

कर्मचाऱ्यांशी कठोर वागण्यामुळे वृत्तपत्रांनी त्यांना दुष्टपणाची राणी ठरवले. घराच्या नूतनीकरणाचा खर्च कंपनीच्या खात्यात दाखवल्याच्या प्रकरणात १९८९ मध्ये त्या करचुकवेगिरीत दोषी ठरल्या. सुमारे दीड वर्ष त्यांनी तुरुंगात काढले.

एकुलता एक मुलगा १९८२ मध्येच वारला होता. १९९७ मध्ये पतीही गेले. त्यानंतरच्या एकटेपणात त्यांना सोबत मिळाली ती ट्रबल नावाच्या पांढऱ्या माल्टीज कुत्रीची.

मृत्युपत्रात काय होते?

२० ऑगस्ट २००७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी लिओना यांचे निधन झाले. मृत्युपत्र उघडले आणि जगभर बातमी झाली. ट्रबलच्या देखभालीसाठी त्यांनी १ कोटी २० लाख डॉलरचा ट्रस्ट ठेवला होता. चार नातवंडांपैकी दोघांना मात्र एक छदामही दिला नव्हता. उरलेल्या दोघांच्या वाट्यातील काही रकमेला अट होती, दरवर्षी वडिलांच्या कबरीला भेट देण्याची. अब्जावधींची बाकी संपत्ती धर्मादाय ट्रस्टकडे जाणार होती.

ट्रबलला सांभाळावे, अशी इच्छा त्यांनी भाऊ आणि एका नातवाबाबत लिहून ठेवली होती. दोघांनीही नकार दिला. पैशाची सोय होती, पण कुत्रीला घरी नेणारे कोणी नव्हते. अखेर फ्लोरिडातील हेल्म्सली हॉटेलच्या व्यवस्थापकाने तिची जबाबदारी घेतली.

न्यायालयाने काय केले?

न्यूयॉर्कचा कायदा पाळीव प्राण्यासाठी ट्रस्ट करू देतो. मात्र, रक्कम गरजेपेक्षा फार जास्त असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. २००८ मध्ये न्यायालयाने ट्रबलचा निधी २० लाख डॉलरवर आणला. वगळलेल्या दोन नातवंडांना तडजोडीत एकूण ६० लाख डॉलर मिळाले.

ट्रबलचा वर्षाचा खर्च सुमारे १ लाख ९० हजार डॉलर दाखवण्यात आला होता. त्यात १ लाख सुरक्षेवर, कारण तिला धमक्या आल्या होत्या. ६० हजार सांभाळणाऱ्याचे मानधन आणि ८ हजार केस-नखांच्या निगेचे. खाण्यावरचा खर्च अवघा १,२०० डॉलर!

डिसेंबर २०१० मध्ये, १२ व्या वर्षी ट्रबल मेली. तिला आपल्या शेजारी पुरावे, ही लिओना यांची इच्छा अपुरीच राहिली, कारण माणसांच्या दफनभूमीत प्राण्यांना जागा देण्यास नियमांची आडकाठी होती. तिच्यावर अग्निसंस्कार झाले. उरलेला निधी धर्मादाय ट्रस्टकडे गेला.

भारतात हे शक्य आहे का?

भारतात कुत्रा किंवा मांजर मालमत्तेचे मालक होऊ शकत नाहीत. १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्यानुसार, मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्तीच ट्रस्टची लाभार्थी होऊ शकते. त्यामुळे प्राण्याच्या नावाने थेट पैसे ठेवण्याऐवजी, ते विश्वासातील माणसाला मृत्युपत्राद्वारे द्यावे आणि प्राण्याच्या देखभालीची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहावी, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. उद्योगपती रतन टाटा यांच्या मृत्युपत्रातही त्यांच्या पाळीव प्राण्यांसाठी तरतूद असल्याचे वृत्त आले होते.

हेल्म्सली प्रकरणातून काय घ्यावे?

- ज्याच्यावर जबाबदारी सोपवायची, त्याला आधी विचारा. त्याचा होकार घ्या. पर्याय म्हणून दुसरे नावही लिहा.
- रक्कम खर्चाचा हिशेब करून ठरवा. खाणे, डॉक्टर आणि प्राण्याचे उरलेले आयुष्य लक्षात घ्या.
- पैसे सांभाळणारा आणि प्राणी सांभाळणारा, असे दोघे वेगळे असल्यास एकमेकांवर लक्ष राहते.
- प्राणी गेल्यावर उरलेले पैसे कोणाला, हेही लिहून ठेवा.
- घरच्यांना हे सारे हयातीतच सांगा.

लिओना यांनी पैसा भरपूर ठेवला होता. पण ट्रबलला घर मिळाले, ते मृत्युपत्रात नाव नसलेल्या एका माणसाने हो म्हटल्यामुळे.