फादर हेन्री हेरास : साधननिष्ठेचे व्रत

दक्षिण भारताच्या पूर्वमध्ययुगीन इतिहासाची मांडणी ताम्रपट आणि शिलालेख यांच्या आधारे करणाऱ्या संशोधकांत फादर हेन्री हेरास यांचे स्थान काहीसे वेगळे आहे. जन्माने ते स्पॅनिश आणि व्रताने जेझुइट धर्मगुरू होते. परंतु आयुष्याची तेहतीस वर्षे त्यांनी मुंबईत राहून भारताच्या इतिहासाला वाहिली. कथा कितीही पूज्य असली तरी तिला पुरावा विचारला पाहिजे, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. हा दंडक त्यांनी इतरांच्या बाबतीत कसा पाळला आणि स्वतःच्या बाबतीत तो कोठे सुटला, हे पाहिल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल ठरविता येत नाही.

हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी बार्सेलोना येथे झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात दाखल झाले आणि १९२० साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. मायदेशी त्यांनी काही काळ इतिहास शिकविला होता. पहिल्या महायुद्धामुळे मुंबईतील जर्मन जेझुइटांना देश सोडावा लागला होता व त्यांची जागा स्पेनमधील धर्मगुरूंकडे आली होती. या घडामोडीतूनच १९२२ च्या अखेरीस हेरास सेंट झेवियर कॉलेजात आले. कोणता इतिहास शिकविणार, असे प्राचार्यांनी विचारताच त्यांनी भारताचा इतिहास असे उत्तर दिले. आपल्याला त्यातले काही ठाऊक नाही, हेही मोकळेपणाने सांगितले आणि आपण तो शिकून घेऊ असे आश्वासन दिले, अशी आठवण सांगितली जाते. हे आश्वासन त्यांनी अक्षरशः पाळले.

ते अगदीच रिक्तहस्ताने आले होते असे मात्र नाही. सतराव्या शतकात बोलांड या जेझुइटाच्या अनुयायांनी संतचरित्रांची चिकित्सा आरंभिली होती. त्यांच्या ग्रंथमालेचा प्रारंभ १६४३ साली झाला. त्यांनी जुन्या दानपत्रांविषयी घेतलेल्या शंकांना उत्तर देताना बेनेडिक्टाइन पंथाच्या माबियों यांनी १६८१ साली दस्तऐवजांच्या परीक्षणाचे शास्त्रच सिद्ध केले. श्रद्धावान माणसाने श्रद्धेच्या साधनांचीच झडती घ्यावी, ही ती परंपरा होती आणि हेरास तिचे वारसदार होते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनपद्धतीवर त्यांनी १९२६ साली एक पुस्तक लिहिले. त्याच वर्षी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन करून ग्रंथ, नाणी, मूर्ती यांचा संग्रह करण्यास त्यांनी प्रारंभ केला.

पल्लवांचा इतिहास हे या पद्धतीच्या कसोटीचे क्षेत्र ठरले. कांचीच्या या राजघराण्याचे मयिदवोलु, हिरेहडगळी येथील आरंभीचे ताम्रपट प्राकृतात आहेत. नंतरचे संस्कृतात असून त्यांत वंशाचा आरंभ ब्रह्मदेवापासून धरून भारद्वाज, द्रोण, अश्वत्थामा असा तो खाली आणला आहे. यातील पुराण कोणते व इतिहास कोणता, हे निवडणे सोपे नव्हते. शिवाय साक्षीदार परस्परविरोधी होते. ६३४ सालचा ऐहोळे येथील शिलालेख पल्लवराजाला कांचीच्या तटाआड लपावयास लावण्याचे श्रेय दुसऱ्या पुलकेशीला देतो. पल्लवांचा कूरम ताम्रपट नरसिंहवर्म्याने त्याच पुलकेशीला पाठ दाखवावयास लावल्याचे व वातापी उद्ध्वस्त केल्याचे सांगतो. विजेत्यांच्या या दोन प्रशस्ती समोरासमोर ठेवल्यावाचून सत्याचा माग लागत नाही. १९३१ साली पल्लवांच्या वंशावळीवर आणि १९३३ साली त्यांच्या एकूण इतिहासावर हेरास यांनी ग्रंथ सिद्ध केले. महाराष्ट्राच्या वाचकाला चालुक्यांच्या बाजूने परिचित असलेला संघर्ष त्यांत पलीकडच्या तटावरून पाहावयास मिळतो.

विजयनगरच्या अभ्यासाने त्यांना कीर्ती आणि विरोध दोन्ही दिले. १९२७ सालच्या आरवीडू घराण्यावरील ग्रंथात त्यांनी जेझुइटांच्या जुन्या पत्रांचा उपयोग देशी लेखांच्या जोडीने केला. १९२९ साली विजयनगरच्या आरंभकाळाविषयी लिहिताना मात्र त्यांनी एका पूज्य परंपरेलाच हात घातला. विद्यारण्यस्वामींच्या आशीर्वादाने राज्य स्थापन झाल्याची कथा समकालीन नसून ती पुढे सोळाव्या शतकात शृंगेरीच्या परिसरात रचली गेली, आणि नगराचा मूळ पाया होयसळांच्या कारकीर्दीत शोधावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परधर्मीय पाद्र्याने हिंदू मठाच्या परंपरेवर संशय घ्यावा, हे अनेकांना रुचण्यासारखे नव्हते. शास्त्रीय पातळीवर वेंकटरमणय्या यांनी १९३३ साली राज्याचे मूळ आंध्रात असल्याचा पक्ष मांडला. वाद अजून संपलेला नाही. तथापि कथेच्या उत्तरकालीनत्वाचा मुद्दा १९८५ साली हेर्मान कुल्के यांनी पुन्हा विचारात घेतला, यावरून त्यामागे केवळ पंथाभिमान नव्हता हे दिसते.

विद्यार्थी घडविणे हे हेरास यांचे तितकेच मोठे कार्य होय. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइश यांनी १९३१ साली कदंब कुळाचा इतिहास लिहून गोव्याच्या पोर्तुगीजपूर्व काळाला सुसंगत रूप दिले. भोज व कदंब राजांची राजधानी असलेल्या चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदर गावी, हेरास यांनी १९२९ साली स्वतः उत्खनन केले. ख्रिस्ती कलेने भारतीय रूप घ्यावे असा त्यांचा आग्रह होता आणि गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना त्यांनी त्यासाठी पाठबळ दिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात सिंधू लिपीने त्यांना झपाटले. ती भाषा आदिद्राविड आहे असे मानून त्यांनी शेकडो मुद्रांचे वाचन सिद्ध केले आणि १९५३ साली तो प्रचंड ग्रंथ प्रकाशित केला. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी ग्रीसची प्राचीन लिपी वाचली, तेव्हा नव्याने हाती आलेल्या मृत्तिकापट्टांवर त्या वाचनाची परीक्षा घेता आली. सिंधू मुद्रांवर सरासरी जेमतेम पाचच चिन्हे असतात व द्विभाषिक लेख एकही नाही. त्यामुळे हेरास यांच्या वाचनांना अशी कसोटी लाभलीच नाही. ती वाचने विद्वानांनी स्वीकारली नाहीत. पल्लवांच्या ताम्रपटांपुढे जो संयम त्यांनी राखला, तो येथे सुटला असेच म्हणावे लागते. तरीही माशाच्या चिन्हाचा 'मीन' हा उच्चार द्राविड भाषांत ताऱ्यालाही लागू पडतो, ही त्यांची सूचना वाया गेली नाही. फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी पुढे तिचा विस्तार केला.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांचे काही सिद्धान्त मागे पडले, काही वादग्रस्त राहिले. परंतु ज्या निकषांवर आज त्यांचे सिंधुवाचन अमान्य ठरते, ते निकष मुंबईतील विद्यार्थ्यांच्या एका पिढीला त्यांनीच शिकविले होते. शिक्षकाच्या हाती दिलेल्या मापाने शिक्षकालाही मोजता यावे, यातच त्या शिकवणीचे सार्थक आहे.