दोन मनोविकारांत भेद करणारे एमिल क्रेपेलिन

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी नॉयस्ट्रेलित्स येथे झाला. रुग्णांची एकाग्रता आणि थकवा मोजण्यासाठी त्यांनी सलग बेरजा करण्याच्या चाचणीचा वापर केला. आज स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारांत त्यांनी १८९९ मध्ये स्पष्ट भेद केला. पहिल्या विकारात बुद्धीचा ऱ्हास होतो, तर दुसऱ्यात रुग्ण पूर्ववत होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही सीमारेषा धूसर असल्याचे १९२० मध्ये त्यांनीच मान्य केले. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

स्मरणशक्ती आणि एकाग्रतेतील उणिवा दोन्ही विकारांत आढळतात, स्किझोफ्रेनियात त्या सहसा अधिक असतात. मात्र सततचा ऱ्हास अटळ नसतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले.