खाशाबा आणि पारावरचा वाद

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, की मावळात वडगाव-कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत हलगी घुमू लागते आणि कुस्त्यांचे फड रंगतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि मोठ्या इनामाच्या निकाली कुस्तीने फड उठतो. त्यानंतर पारावर एक वाद हटकून उपस्थित होतो : पूर्वीचे मल्ल श्रेष्ठ, की आजचे? ज्येष्ठांचा कौल ठरलेला असतो. पूर्वीचा पैलवान दुधातुपावर आणि हजार-हजार जोरांवर पोसलेला, तर आजचा डब्यातल्या भुकटीवर वाढलेला, असा त्यांचा सिद्धांत. तरुणांचाही कौल तितकाच ठाम, आणि तितकाच निराधार असतो.

हा छंद केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत १९६९ साली रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली या दोन पिढ्यांच्या मुष्टियोद्ध्यांची तुलना गणकयंत्राकडे सोपविण्यात आली आणि त्या लढतीचे चित्रीकरणही झाले. १९७०च्या जानेवारीत चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा मार्सियानो विमान अपघातात मृत्यू पावला होता. अमेरिकेतील प्रेक्षकांना मार्सियानो विजयी झालेला दिसला, युरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! प्रेक्षक पाहून निकाल ठरविण्याची ही कला मावळातल्या पारालाही अवगत आहे.

महाराष्ट्रात मात्र एक मल्ल असा होऊन गेला, की ज्याच्या बाबतीत ही तुलना थोड्याफार भक्कम जमिनीवर उभी करता येते. ते म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कारण ज्या ५७ किलो वजनगटात ते लढले, तो गट आजही ऑलिम्पिकमध्ये आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील स्वतः पैलवान असल्याने मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, बेचाळीसच्या चळवळीत यथाशक्ती सहभाग आणि पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, असा त्यांचा प्रवास आहे. अंगाने हे पोर लहानखुरे, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तोवर त्यांची सारी कुस्ती मातीतली होती. मॅटवर पाय कसा टाकावा, याचे धडे तेथे त्यांना रीस गार्डनर या प्रशिक्षकाने दिले. तेवढ्या अपुऱ्या तयारीवर त्यांनी ५२ किलो गटात सहावा क्रमांक मिळविला.

पुढची चार वर्षे त्यांनी त्या एकाच ध्यासात घालविली आणि वजनगटही एक पायरी वर नेला. तरीही १९५२ची निवड सरळ झाली नाही. मद्रासला त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत झाली आणि तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. मग प्रश्न आला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचे छप्पर पणाला लावणारा प्राचार्य ही त्या काळातही नित्य घडणारी गोष्ट नव्हती.

हेलसिंकीला कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी मागे टाकले. जपानच्या शोहाची इशीशी ते पराभूत झाले. युद्धोत्तर जपानचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक याच इशीने मिळविले. ती दीर्घ कुस्ती संपताच सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्ह याच्याशी लढण्यास त्यांना पाचारण झाले. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता. पण तो पंचांना बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. गोळेश्वरला त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढून पैसा मिळविला आणि खर्डेकरांचे ऋण फेडले.

आता या पदकाशेजारी २०२४चे पॅरिसचे पदक ठेवून पाहावे. अमन सेहरावत, गट तोच ५७ किलोंचा, पदकही तेच कांस्य. खाशाबांच्या वेळी कुस्ती पंधरा मिनिटांची होती, आज ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते. उपान्त्य लढतीनंतर अमनचे वजन साडेचार किलोंहून अधिक वाढलेले आढळले. प्रशिक्षकांच्या ताफ्याने रात्रभर जागून ते दहा तासांत उतरविले. खाशाबांपाशी असा ताफा असता तर? किंवा अमनला पंधरा मिनिटांच्या कुस्तीमागोमाग लगेच दुसरी लढावी लागली असती तर? या प्रश्नांना उत्तर नाही. काळ बदलतो तसा खेळच बदलतो, मग मल्लांची तुलना करावी कशी?

एक तुलना मात्र करता येते आणि पारावर नेमकी तीच होत नाही. भारताला कुस्तीत आजवर आठ ऑलिम्पिक पदके मिळाली : १९५२, २००८, २०१२ला दोन, २०१६, टोकियोला दोन आणि २०२४. यांतील एकही पदक ६६ किलोंहून वरच्या गटातले नाही. खाशाबांनंतर कुस्तीतले दुसरे पदक येण्यास ५६ वर्षे लागली. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी आणि तेही कुस्तीत नव्हे, तर कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांना नेमबाजीत. या दीर्घ दुष्काळाचा दोष नव्या पिढीच्या दुधातुपावर ढकलणे सोपे आहे. पण १९६१ पासून महाराष्ट्रात ज्या किताबाचा सर्वांत मोठा बोलबाला आहे, त्या महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी आज ८६ किलोंवरचेच मल्ल लढतात. यात्रेतल्या अखेरच्या इनामाचेही तसेच. कीर्ती आणि पैसा जाडजूड देहाकडे वाहणार असेल, तर गुणी हलका पोरगा एकतर वजन वाढवून आपली चपळाई गमावतो, नाहीतर रेवड्यांपुरताच उरतो. खाशाबांच्या नावाने आजच्या तरुणांना बोल लावणारे विसरतात, की ५७ किलोंचे खाशाबा आज त्या गदेच्या लढतीला उभेच राहू शकले नसते.

त्यांची हयातही काही मोठ्या कौतुकात गेली नाही. १९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि निवृत्तीच्या सुमारास सहायक आयुक्तपदी पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. खाशाबांना तो मिळाला मरणोत्तर, २००० साली. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले आणि आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

सोहळे व्हावेत, त्याविषयी तक्रार नाही. मात्र मावळातल्या एखाद्या यात्रा समितीने पुढच्या चैत्रात फडावर वजनकाटा ठेवावा, ५७ किलोंच्या आतल्या जोडीसाठी मोठे इनाम जाहीर करावे आणि ती कुस्ती सर्वांत शेवटी लावावी.