विश्लेषण : गोरिलांना वाचवताना जीव गमावणाऱ्या डायॅन फॉसी कोण होत्या?

रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतरांगेत १९८१ मध्ये जेमतेम २५० पर्वतीय गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत तिथे ६०४ गोरिला आढळले. या बदलामागे अनेकांचे श्रम आहेत, पण सुरुवातीचे नाव घेतले जाते ते डायॅन फॉसी यांचे. मात्र, त्यांची पद्धत योग्य होती का, यावर त्यांच्या मृत्यूनंतरही वाद सुरू आहे.

फॉसी आफ्रिकेत कशा पोहोचल्या?

फॉसी यांचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्या केंटकीतील लुईव्हिल येथे अपंग मुलांच्या रुग्णालयात काम करत होत्या. १९६३ मध्ये त्यांनी कर्ज काढून आफ्रिकेची सफर केली. तिथे मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांची भेट झाली आणि काँगोच्या जंगलात पहिल्यांदा गोरिला दिसले. तीन वर्षांनी लीकी यांनीच त्यांना गोरिलांच्या अभ्यासासाठी निवडले.

१९६७ च्या सुरुवातीला त्यांनी काँगोत काम सुरू केले, पण तिथल्या अस्थिरतेमुळे काही महिन्यांतच बाहेर पडावे लागले. २४ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी रवांडाच्या बाजूला, करिसिंबी आणि विसोके या ज्वालामुखींच्या मधोमध तळ ठोकला. दोन्ही नावे जोडून केंद्राचे नाव ठेवले ‘करिसोके’.

त्यांच्या अभ्यासात वेगळे काय होते?

गोरिला म्हणजे हिंस्र श्वापद, अशी तेव्हा समजूत होती. फॉसी त्यांच्यासमोर वाकून चालत, त्यांच्यासारखे आवाज काढत, रानभाजीचे देठ चघळत बसत. हळूहळू कळपांना त्यांची सवय झाली. नाकावरच्या सुरकुत्यांची ठेवण प्रत्येक गोरिलात वेगळी असते. तिची चित्रे काढून त्या प्रत्येकाची ओळख नोंदवत. पुढे याच कामावर त्यांना केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

शिकार नेमकी कशासाठी होत होती?

याची तीन कारणे होती. पहिले, फासे. वाकवलेल्या बांबूला तारेचा किंवा दोरीचा फास बांधून तो जमिनीवर लपवला जाई. पाय पडताच बांबू उसळून फास आवळला जाई. हे फासे हरणांसाठी असत, पण त्यात गोरिलाही अडकत आणि जखम चिघळून हात-पाय गमावत किंवा मरत. दुसरे कारण पिल्लांची मागणी. कळप पिल्लासाठी प्राणपणाने लढतो, त्यामुळे एक पिल्लू पकडायचे तर अनेक मोठे गोरिला मारावे लागत. तिसरे कारण, शोभेच्या वस्तू म्हणून विकली जाणारी डोकी आणि पंजे.

त्यातच १९६९ च्या सुमारास कीटकनाशकासाठी लागणाऱ्या पायरेथ्रम फुलांच्या शेतीला उद्यानाची मोठी जमीन देण्यात आली. जंगल आक्रसले आणि माणूस व गोरिला आणखी जवळ आले.

‘डिजिट’च्या मृत्यूने काय बदलले?

बोटाला दुखापत असलेल्या एका नराचे नाव फॉसी यांनी ‘डिजिट’ ठेवले होते. ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकारी आणि त्यांच्या कुत्र्यांना रोखताना तो मारला गेला. कळप निसटला, पण त्याचे डोके आणि पंजे तोडून नेण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच कळपाचा म्होरक्या आणि एक मादीही गोळ्यांना बळी पडली.

यानंतर फॉसी यांनी ‘डिजिट फंड’ उभारला. त्या पैशांतून गस्ती पथके फिरू लागली आणि फासे उखडले जाऊ लागले. त्याच वेळी त्या कठोर होत गेल्या. शिकाऱ्यांना पकडून मारहाण करणे, मुखवटे घालून जादूटोण्याची भीती घालणे, उद्यानात शिरलेल्या गुरांवर गोळ्या झाडणे, असे प्रकार घडले. यातून गावकरी दुरावले आणि अनेक सहकारीही नाराज झाले.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

२७ डिसेंबर १९८५ च्या सकाळी करिसोकेतील झोपडीत त्यांचा मृतदेह सापडला. कोयत्याने वार करून त्यांची हत्या झाली होती. रवांडातील न्यायालयाने एका अमेरिकी संशोधकाला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. त्याने आरोप फेटाळला. खरा मारेकरी कोण, याबाबत आजही शंका आहेत. फॉसी यांना डिजिटच्या शेजारीच पुरण्यात आले.

मग गोरिला कशामुळे वाचले?

फॉसी यांचा पर्यटनाला विरोध होता. माणसांची वर्दळ गोरिलांना आजारी पाडेल, असे त्यांना वाटे. ही भीती निराधार नव्हती, कारण माणसाचे श्वसनविकार गोरिलांना होतात. तरीही १९७९ पासून इतर संस्थांनी मर्यादित पर्यटन आणि स्थानिकांमध्ये जनजागृतीचा मार्ग धरला. आज रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना परदेशी पर्यटकाला १,५०० डॉलरला पडतो आणि उद्यानांच्या उत्पन्नातील १० टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो.

म्हणजे रोजची गस्त आणि प्रत्येक गोरिलाची नोंद ही फॉसी यांची देणगी, तर गावकऱ्यांना सोबत घेणे हा त्यांनी न चोखाळलेला मार्ग. गोरिला वाचले ते दोन्ही एकत्र आल्यावर. २०१८ मध्ये पर्वतीय गोरिलांना ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले गेले. युगांडातील ब्विंडीचे जंगल धरून त्यांची संख्या २०१९ मध्ये १,०६३ असल्याचे जाहीर झाले. फासे मात्र अजूनही सापडतात, त्यामुळे गस्त थांबलेली नाही.