वाल्डेमार हाफकिन

इसवी सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात एक अपरिचित ताप दिसू लागला. रोग्यास एकाएकी हुडहुडी भरून ताप येई, काखेत अथवा जांघेत मोठी गाठ उठे आणि पुष्कळदा चार-पाच दिवसांच्या आतच त्याचा अंत होई. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. व्हिएगस हे त्या भागातील रोगी तपाशीत असत. हा ताप म्हणजे प्लेग होय, हे त्यांनी प्रथम ओळखले. ही वार्ता पसरताच शहरात हाहाकार उडाला. दुकानांना कुलपे लागली, गिरण्या ओस पडल्या आणि लोक मिळेल त्या गाडीने व गलबताने मुंबई सोडून जाऊ लागले.

ऑक्टोबरच्या आरंभी सरकारने कलकत्त्याहून एका परदेशी शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना कामासाठी एक खोली व तिच्यालगतचा व्हरांडा देण्यात आला; मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. या शास्त्रज्ञाचे नाव वाल्डेमार हाफकिन. त्यांचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. विशेष म्हणजे हे गृहस्थ वैद्यकाचे पदवीधर नव्हते. त्यांचा मूळ अभ्यास प्राणिशास्त्राचा. डबक्यातील पाण्याच्या एका थेंबात शेकड्यांनी वावरणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव, हा त्यांच्या तरुणपणीच्या संशोधनाचा विषय होता.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात मेचनिकोव हे थोर प्राणिशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर नाना प्रकारचे निर्बंध होते. १८८१ साली दंगलखोरांनी ज्यू वस्त्यांवर हल्ले केले, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी पुढे सरसावलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव यांनी रदबदली केली म्हणूनच त्यांची सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास विद्यापीठात बढती मिळेल, असे दिसत असता त्यांनी ती वाट पत्करली नाही. प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून त्यांनी अखेर मायदेश सोडला.

१८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकोव त्यापूर्वीच तेथे येऊन राहिले होते. परंतु संस्थेत जागा रिकामी होती ती साहाय्यक ग्रंथपालाची! हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. पुस्तके सांभाळावी, उरलेला सर्व वेळ सूक्ष्मदर्शकापाशी घालवावा आणि क्वचित व्हायोलिन वाजवून मन रमवावे, असा त्यांचा दिनक्रम होता.

अशक्त केलेले रोगजंतू शरीरात टोचले असता शरीर त्या रोगाचा प्रतिकार करू लागते, हे पाश्चर यांनी कोंबड्यांच्या व गुरांच्या रोगांवरून सिद्ध केले होते. पटकीवर तशी लस करावी, असे हाफकिन यांनी मनात घेतले. अडचण अशी की, पटकीच्या जंतूंचा जोर कायम राहत नसे. आज प्रखर असलेले जंतू उद्या निस्तेज होत. हाफकिन यांनी ते एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे क्रमाक्रमाने नेले आणि त्यांचा जोर एका ठरावीक पातळीवर आणून स्थिर केला. त्यांतीलच काही जंतू त्यांनी उष्णतेने दुर्बळ केले. आधी दुर्बळ जंतू टोचावयाचे आणि काही दिवसांनी प्रखर, अशी ही योजना होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण अपाय झाला नाही.

लस निर्धोक आहे, एवढे यावरून दिसले. ती गुणकारी आहे, हे मात्र कोठे सिद्ध झाले होते? त्यांच्यापूर्वी स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टरांनी पटकीची लस हजारो लोकांना टोचली होती. परंतु तिच्या गुणाचा नीट हिशेब न ठेवल्यामुळे शास्त्रज्ञांचे समाधान झाले नव्हते. जेथे पटकी वरचेवर येते, अशा देशात जाऊनच आपल्या लशीची पारख झाली पाहिजे, हे हाफकिन यांनी ओळखले. इंग्लंडचे पॅरिसमधील वकील लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास येऊन पोहोचले.

आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत त्यांनी प्रवास केला. अडीच वर्षांच्या आत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली, आणि तीही स्वखुशीने पुढे येणाऱ्यांनाच. या प्रवासात त्यांचे खरे लक्ष एका प्रश्नाकडे होते. समजा, एखाद्या गावी सर्वांना लस टोचली आणि कोणासही पटकी झाली नाही, तर तो लशीचा गुण मानावा काय? त्या वर्षी गावात साथ आलीच नसेल तर? किंवा सुखवस्तू लोकांनीच टोचून घेतले आणि ते चांगल्या पाण्यामुळे वाचले, असे असेल तर? एकाच घरात राहणारी, एकाच तळ्याचे पाणी पिणारी आणि एकाच चुलीवरचे अन्न खाणारी काही माणसे टोचलेली व काही न टोचलेली असली, तरच तुलना खरी ठरेल, असे त्यांचे मत होते. कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत १८९४ साली अशी संधी आली. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीने आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत स्वतःच्या अंगावर केलेले प्रयोग रंगवून सांगण्याची रीत आहे. हाफकिन यांची थोरवी या शांत मोजदादीत अधिक दिसते.

असे हे संशोधक मुंबईच्या त्या एका खोलीत प्लेगच्या जंतूंशी झुंजू लागले. हा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे सापडला होता. हाफकिन यांनी मांसाच्या रसात त्याची पैदास सुरू केली. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. काचेच्या चंबूतील रसावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांच्या खालच्या बाजूस जंतू चिकटत आणि गुहेच्या छतापासून लोंबणाऱ्या दगडी सुळक्यांप्रमाणे खाली वाढत जात. चंबू हलविला की ते सुळके हिमासारखे भुरभुरत तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी तो रस तापवून सर्व जंतू मारावयाचे, की लस तयार. या लशीत जिवंत जंतू नसत. आपल्या घरातील तूप असे प्लेगच्या लशीच्या कामी आले!

हे काम सोपे नव्हते. दिवसाचे बारा-चौदा तास त्यांत जात. एक साहाय्यक श्रमाने व धास्तीने आजारी पडला, दुसरे सोडून गेले. तरीही तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःस टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांस देण्यात आली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लस टोचून घेतली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

लोकांचा विश्वास मात्र सहजासहजी बसला नाही. साथ आवरण्यासाठी सरकारने घरांच्या झडत्या घेतल्या, माणसे ओढून रुग्णालयांत नेली. पुण्यात तर हे काम सोल्जरांकडे सोपविले गेले. अशा सरकारने पाठविलेल्या सुईविषयी लोकांच्या मनात भीती असावी, यात नवल ते काय? खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली, तेव्हा त्या समाजातील हजारो लोक पुढे आले.

१८९८ साली बडोदे संस्थानातील उंधेरा गावी हाफकिन यांनी आपली सर्वांत काटेकोर पारख केली. गावातील प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचावयाची व निम्म्यांना टोचावयाची नाही, असे ठरले. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ आजारी पडली व ३ मरण पावली. न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ आजारी पडली आणि त्यांतील २६ मरण पावली. हे आकडे वाचताना मन थबकते. लशीचा गुण त्यांनी निर्विवाद दाखविला, पण त्या सव्वीस जणांच्या मोलाने. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही त्याच आकड्यांनी दाखविले आणि हाफकिन यांनी ते कधी लपविले नाही. आज असे प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक माणसाची संमती आणि त्यासाठी नेमलेल्या समितीची परवानगी घ्यावी लागते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटाने सुरू झाली. तेथे केवळ लसच तयार होत नसे. जंतू, उंदीर आणि पिसवा यांचा परस्परसंबंध काय, याचा शोधही पुढे त्याच वास्तूत लिस्टन व इतर संशोधकांनी लावला. उंदराच्या अंगावरील पिसू प्लेग पसरविते, ही गोष्ट येथील प्रयोगांनी पक्की झाली.

यानंतर हाफकिन यांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखद प्रसंग घडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. सरकारने चौकशी मंडळ नेमले. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा त्या मंडळाने निष्कर्ष काढला. लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी थोडा बदल केला होता. तोही त्यांच्याविरुद्ध पुरावा मानला गेला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. ते वैद्यक शाखेचे नव्हेत आणि इंग्रजही नव्हेत, ही गोष्ट काही अधिकाऱ्यांना आधीपासूनच खुपत होती.

वास्तविक चौकशीच्या कागदपत्रांतच उत्तर दडलेले होते. गावात बाटली उघडतेवेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आगीत न तापविता जंतुनाशक पाण्यात नुसता बुडवून त्याने पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते, तर लशीस दुर्गंधी आली असती. उघडतेवेळी डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता आणि त्यांना तशी दुर्गंधी आली नव्हती. हाफकिन पगाराविना, पदाविना चार वर्षे हेच पुन्हा पुन्हा मांडीत राहिले. लंडनच्या लिस्टर संस्थेने ते पुरावे तपासले आणि बाटली बहुधा उघडतेवेळीच दूषित झाली असावी, असा अभिप्राय दिला. १९०७ साली दहा नामवंत शास्त्रज्ञांनी टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांत मलेरिया व डास यांचा संबंध शोधून काढणारे रोनाल्ड रॉस हेही होते. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा सेवेत येण्यास बोलाविले.

हाफकिन परत आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांची नेमणूक झाली आणि निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. निवृत्तीनंतर ते फ्रान्सला गेले आणि शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता. आपली सर्व संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली.

मुंबईहून लशीच्या कुप्या जात राहिल्या. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा पाठविल्या गेल्या. १९२५ साली परळच्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही वार्ता ऐकून पासष्ट वर्षांच्या हाफकिन यांनी संस्थेच्या संचालकांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले आणि आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईतील त्या कामात गेली, असे कळविले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.