जॅक वेब

जॉन रँडॉल्फ ऊर्फ जॅक वेब (२ एप्रिल, इ.स. १९२० - २३ डिसेंबर, इ.स. १९८२) हे अमेरिकन दूरचित्रवाणी निर्माते, दिग्दर्शक, लेखक व अभिनेते होते. ड्रॅगनेट ही पोलीस तपासावरील मालिका त्यांनी निर्माण केली. तिची मुख्य भूमिका व बहुतांश दिग्दर्शनही त्यांचेच होते.

सुरुवातीचे आयुष्य

वेब यांचा जन्म कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे झाला. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच घर सोडून गेले होते. आई व आजीने त्यांना लॉस एंजेलसमध्ये गरिबीत वाढवले. बालपणी दम्याने त्रस्त असलेल्या वेब यांना वाचनाची व जॅझ संगीताची गोडी लागली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या हवाई दलात काही काळ काढल्यावर ते सॅन फ्रान्सिस्को येथे नभोवाणीवर काम करू लागले. तेथे त्यांनी तोंडाळ, फटकळ खासगी गुप्तहेराच्या भूमिका केल्या.

इ.स. १९४८ मधील ही वॉक्ड बाय नाइट या चित्रपटात त्यांना पोलीस प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची छोटी भूमिका मिळाली. चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार मार्टी विन हे लॉस एंजेलस पोलीस दलात सार्जंट होते. त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून खऱ्या प्रकरणांवर आधारित कार्यक्रमाची कल्पना पुढे आली. वेब पोलिसांबरोबर गस्तीच्या गाडीतून फिरले आणि त्यांची बोलण्याची रीत त्यांनी आत्मसात केली.

ड्रॅगनेट

३ जून, इ.स. १९४९ रोजी एनबीसी नभोवाणीवर ड्रॅगनेट सुरू झाले. बिल्ला क्रमांक ७१४ धारण करणारा सार्जंट जो फ्रायडे हा त्याचा नायक. गोळीबार क्वचितच होई. दूरध्वनी, चौकशी, पायपीट आणि वाट पाहणे यांतूनच कथा पुढे सरके. त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात भेट म्हणून आणलेल्या रायफलीने एका लहान मुलाचा जीव जातो. तेथे पकडण्यासारखा गुन्हेगारच नाही. त्या काळच्या करमणुकीत असे धाडस विरळाच होते.

१६ डिसेंबर, इ.स. १९५१ रोजी मालिका दूरचित्रवाणीवर आली. चित्रीकरण वेगाने व कमी खर्चात व्हावे म्हणून नट संवाद पाठ न करता टेलिप्रॉम्प्टरवरून वाचत. त्यामुळे येणारा सपाट स्वर वेब यांना हवाच होता. सलग समीपदृश्यांमुळे तो अधिकच ठसे. या शैलीची विडंबनेही खूप झाली. फ्रायडेच्या तोंडी घातले जाणारे प्रसिद्ध वाक्य मालिकेतील नसून स्टॅन फ्रीबर्ग यांच्या इ.स. १९५३ मधील विडंबनामुळे रूढ झाले.

प्रकरणे पोलीस दलाच्या दप्तरातून येत आणि पटकथा दलाच्या नजरेखालून जात. मालिकेचा अस्सलपणा या सहकार्यातून आला, तिची मर्यादाही त्यातच होती. पहिल्या प्रक्षेपणानंतर अवघ्या ९ दिवसांनी, नाताळच्या दिवशी, याच दलातील पोलिसांनी कोठडीतील ७ तरुणांना बेदम मारहाण केली. त्यांतील ५ जण मेक्सिकन वंशाचे होते. पुढे काही पोलिसांना शिक्षा झाली. प्रेक्षकांना मात्र दर आठवड्याला दिसत राहिले ते सभ्य, थकलेले व निष्कलंक पोलीस. वेब यांनी चित्रण खोटे केले असे म्हणता येत नाही. पण काय दाखवायचे याची निवड त्यांची एकट्याची नव्हती.

नंतरची कारकीर्द

मालिका इ.स. १९५९ मध्ये थांबली. मधल्या काळात वेब यांनी पीट केलीज ब्लूज (१९५५) या जॅझवरील चित्रपटासह काही चित्रपट दिग्दर्शित केले. इ.स. १९६३ मध्ये ते वॉर्नर ब्रदर्सच्या दूरचित्रवाणी विभागाचे प्रमुख झाले, परंतु वर्षभरही टिकले नाहीत. इ.स. १९६७ ते १९७० दरम्यान ड्रॅगनेट हॅरी मॉर्गन यांच्यासह पुन्हा आले. अमली पदार्थ व बंडखोर तरुण यांवर फ्रायडे आता लांबलचक भाषणे देऊ लागला, त्यात जुना संयम हरवला.

त्यांच्या मार्क सेव्हन लिमिटेड या संस्थेने ॲडम-१२ (१९६८-७५) व इमर्जन्सी! (१९७२ पासून) या मालिका काढल्या. दुसरीत त्यांनी घटस्फोटित पत्नी ज्युली लंडन व तिचे पती बॉबी ट्रूप या दोघांनाही भूमिका दिल्या. रुग्णालयाबाहेर उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी त्या वेळी अमेरिकेत मोजक्याच शहरांत होते. या सेवेची ओळख असंख्य प्रेक्षकांना इमर्जन्सी!मुळे झाली.

२३ डिसेंबर, इ.स. १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वेब यांचे निधन झाले. ते स्वतः कधीही पोलीस नव्हते. तरी लॉस एंजेलस पोलीस दलाने त्यांच्या सन्मानार्थ ७१४ हा बिल्ला क्रमांक वापरातून काढून टाकला.