निर्विष विनोदाचे धनी : कै. गोविंद बल्लाळ देवल

प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे नटाला आणि नाटककाराला फारसे अवघड जात नाही. दुःखाची ओळख प्रत्येकाला असतेच. परंतु कोणाच्याही जिव्हारी न लागता हजार माणसांना एकाच वेळी खळखळून हसविणे, आणि हसून झाल्यावर प्रत्येकाला आपल्याच स्वभावाकडे एकवार वळून पाहावयास लावणे, ही विद्या फार थोड्यांना साध्य होते. मराठी संगीत रंगभूमीवर ती ज्यांना पूर्णपणे साध्य झाली, त्यांत कै. गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक पाहून हसला नाही असा मराठी रसिक विरळा. परंतु ह्या हास्याच्या मागे उभे असलेले मास्तर मात्र आजच्या तरुण पिढीला केवळ नावापुरतेच ठाऊक आहेत. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा अल्प परिचय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 रोजी झाला. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा ह्या नद्यांच्या संगमावर वसलेल्या हरिपूर ह्या गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भावे ह्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला, त्याच परिसरात देवल वाढले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजी शिक्षणासाठी ते बेळगावास गेले, आणि तेथेच त्यांना आयुष्यभराचे गुरू लाभले. हे गुरू म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. मॅट्रिक झाल्यानंतर देवलांनी शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि नाटकाच्या क्षेत्रात आल्यावरही त्यांच्यातील शिक्षक अखेरपर्यंत जागा राहिला. नाटकमंडळीत देवल मास्तर ही त्यांची ओळख झाली ती काही उगाच नव्हे.

1880 साली पुण्यास ‘शाकुंतल’ आणि 1882 साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून अण्णासाहेबांनी संगीत नाटकाचे युग सुरू केले. देवलांनी गुरूंच्या नाटकमंडळीत प्रसंगी भूमिकाही केल्या. परंतु त्यांचे खरे कार्य तालमीच्या दालनातले. 1885 साली अण्णासाहेब अकाली निवर्तले, तेव्हा मंडळीपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. गुरूंनी लावलेला हा वेल सुकू नये म्हणून ज्यांनी त्यास पाणी घातले, त्यांत देवल प्रमुख होत. नटाला वाक्य कसे बोलावयाचे, कोठे थांबावयाचे, पद म्हणताना अर्थाकडे दुर्लक्ष कसे होऊ द्यावयाचे नाही, ह्याचे धडे त्यांनी दोन पिढ्यांना दिले. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व ह्यांच्यासारखे नट त्यांच्या हाताखाली तयार झाले, एवढे सांगितले तरी ह्या शिक्षणाची योग्यता ध्यानात येईल.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली. ‘दुर्गा’, ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’, ‘झुंझारराव’, ‘शापसंभ्रम’, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही ती होत. ह्यांपैकी ‘शारदा’ तेवढे स्वतंत्र; बाकीची सहा संस्कृत किंवा इंग्रजी कृतींच्या आधारे रचलेली. एवढ्यावरून त्यांना केवळ रूपांतरकार म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. परक्या घरची मुलगी सून म्हणून आपल्या घरी यावी आणि काही दिवसांत घराचीच होऊन जावी, तशी ही नाटके त्यांच्या हातून मराठी झाली. त्यांची भाषा बोलण्यातली, पदे सोपी व प्रासादिक. अर्थासाठी कोश उघडावा लागेल अशी ओळ त्यांच्या पदांत सहसा सापडत नाही.

देवलांच्या विनोदाचे मर्म समजून घ्यावयाचे असेल तर त्यांची दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. 1890 साली आलेले ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी ह्यांनी त्यातील नायकाची भूमिका गाजविली. तेथे एका हातरुमालाच्या निमित्ताने नवऱ्याच्या मनात संशयाचे विष भिनते, आणि एका निष्पाप पत्नीचा बळी जातो. पुढे अवघ्या तीन वर्षांनी, 1893 साली, देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. फ्रेंच नाटककार मोलिएर ह्याच्या 1660 सालच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी ह्याने 1761 साली इंग्रजी नाटक रचले, आणि त्यावरून देवलांनी हे मराठी नाटक बेतले. येथे हातरुमालाच्या जागी तसबीर आहे, आणि विकार मात्र तोच आहे. ज्या संशयाने पहिल्या नाटकात घर जळाले, त्याच संशयाने दुसऱ्या नाटकात सारे नाट्यगृह हसून हसून बेजार होते. एकाच विकाराची दोन्ही रूपे इतक्या निकटतेने पाहिलेला लेखकच असा विनोद लिहू शकतो.

ह्या नाटकाची गुंफण मोठी मौजेची आहे. अश्विनशेठ ह्यांनी रेवतीला आपली तसबीर दिलेली असते. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, आणि तिला सावरण्यासाठी फाल्गुनराव पुढे होतात. हे दृश्य त्यांच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या, नजरेस पडते, आणि तिच्या मनात पाल चुकचुकते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते. परक्या पुरुषाची तसबीर निरखीत असलेली पत्नी पाहून फाल्गुनरावांचे पित्त खवळते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हाती पाहून अश्विनशेठ रेवतीविषयी शंकित होतात. भादव्यासारखे नोकर ह्या आगीत आपापल्या परीने तेल ओततात. पात्रांची नावे महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेवून देवलांनी सारे पंचांगच जणू एकमेकांशी भांडावयास लावले आहे. ह्या नाटकात खलपुरुष कोणीच नाही, आणि हेच त्यातील सर्वांत लक्षणीय होय. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले खरे असते, आणि त्यावरून काढलेले अनुमान तेवढे खोटे असते. व्यंगावर, गरिबीवर, कोणाच्या जातीवर अथवा बोलीवर एक हशा मिळवावा, असा मोह येथे लेखकाला झालेला नाही. नायकिणीच्या घरी वाढलेली रेवती अखेर सन्मानाने अश्विनशेठांची पत्नी होते, आणि प्रेक्षकही तिच्याकडे आदरानेच पाहतो. त्या काळाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि देवलांचे हास्य प्रसंगी शस्त्रही होत असे, ह्याची साक्ष 1899 सालच्या ‘शारदा’ नाटकाने दिली. धनिक वृद्धांनी पैसे मोजून कोवळ्या मुलींशी लग्ने लावावीत, ही त्या काळची रीतच होऊन बसली होती. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊकच आहे. व्याख्यानांनी आणि अग्रलेखांनी दोन्ही पक्ष आपापल्या जागी अधिकच घट्ट झाले. देवलांनी निराळा मार्ग धरिला. पंचाहत्तरी गाठलेला भुजंगनाथ नवरदेव होण्यास निघतो, भद्रेश्वर दीक्षित दलाली करितो, आणि कांचनभट पोटच्या पोरीचा सौदा करितो, असा देखावा त्यांनी रंगमंचावर उभा केला. प्रेक्षक आधी म्हाताऱ्याच्या लगबगीला हसतात, आणि मग शारदेचा शोक ऐकून तेच हसू घशात अडकते. भट आणि दीक्षित ही पात्रे देवलांच्या स्वतःच्या ब्राह्मण समाजातली होती. दुसऱ्याच्या घरातील केर दाखविण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरात केरसुणी फिरविली, हे त्यांचे धैर्य ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी विशेष ध्यानी घेण्यासारखे आहे.

ह्या नाटकात उणीव नाही असे नव्हे. वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि लग्न मोडते. म्हणजे मुलीची सुटका न्यायाने नव्हे, शास्त्रातील एका अडचणीने होते. समीक्षकांनी ह्या दोषावर बोट ठेविले आहे, आणि ते रास्तही आहे. परंतु जो प्रेक्षक न्यायाचे ऐकावयास तयार नव्हता, त्याला देवलांनी निदान शारदेचे ऐकावयास बसविले. पुढे 1929 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो शारदा कायदा म्हणून ओळखला जातो, आणि ह्या नाटकावरून त्यास ते नाव पडले अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा ह्यांच्या आडनावावरून आले आहे. तरीही मराठी माणसाला त्या कायद्याशी देवलांच्या नायिकेचे नाते जोडावेसे वाटले, ह्यातच ती किती घरांच्या अंतःकरणात जाऊन बसली होती ते दिसून येते. मुलीच्या वयाची मर्यादा त्या वेळी 14 होती, 1978 साली ती 18 झाली. कायदा बदलला, पण मुलीच्या लग्नात तिच्या मनाआधी व्यवहार पाहिला जातो, तेथे तेथे कांचनभट अजून जिवंत आहे असेच समजावे.

1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आयुष्याच्या अखेरच्या काळात देवलांनी आपल्या जुन्या गद्य फाल्गुनरावाला पदांचा साज चढविला, आणि त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. परंतु विधीची योजना निराळी होती. 14 जून 1916 रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, देवल मास्तर निवर्तले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात गंधर्व मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणिले. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती झाले, आणि नाट्यगृह हास्याने भरून गेले. ते हास्य ज्यांनी निर्माण केले, त्यांच्या कानी मात्र ते पडले नाही. शिष्यांनी गुरूला याहून निराळी श्रद्धांजली ती कोणती वाहावयाची होती!

त्या प्रयोगाला शंभराहून अधिक वर्षे लोटली. बोडस 1965 साली गेले, बालगंधर्व 1967 साली गेले. पल्लेदार संगीताचे आणि रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांचे दिवसही सरले. परंतु ‘संशयकल्लोळ’ नव्या नटसंचांनी पुनःपुन्हा रंगभूमीवर आणिले, एकविसाव्या शतकातही आणिले, आणि प्रत्येक पिढी तितक्याच मोकळेपणाने हसली. ह्याचे कारण उघड आहे. नटांच्या पगड्या आणि शालू जुने होतात. संशयी मन जुने होत नाही. हाती तसबिरीऐवजी आणखी काही सापडते, एवढाच काय तो फरक.

संसारात काय, संस्थेत काय, डोळ्यांनी अर्धे पाहावे आणि मनाने उरलेले रचावे, हा आपणा सर्वांचाच दोष आहे. कित्येक घरांतील अबोला आणि कित्येक मंडळांतील तट ह्यांच्या मुळाशी एखादी अशीच तसबीर पडलेली असते. ती उचलून एकमेकांस सरळ विचारावे आणि हसून मोकळे व्हावे, हा धडा देवल मास्तरांनी गाण्यांतून आणि हास्यातून दिला. तो आपल्या कुटुंबांत टिकून राहो, हीच त्यांच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.